आटलेल्या स्वेटरची गोष्ट

परवा धाकट्या नातीने कपाट उपसताना माझा जुना राखाडी स्वेटर शोधून काढला. अंगाला लावून बघितला, तर तिलाच आखूड.

"आजोबा, तुम्ही एवढुसे होतात?"

एवढुसा कसला, चांगला पन्नाशीचा होतो! आजी माहेरी गेली होती आणि मला घरकामाचा उत्साह आला. स्वेटर कढत पाण्यात बुडवला, साबण लावून मनसोक्त चोळला, वर दगडावर आपटला. बादलीतून निघालं ते हे जाडजूड, बुटकं प्रकरण. आजीने ते कधी टाकू दिलं नाही आणि मला विसरूही दिलं नाही.

"पण तो लहान झालाच कसा?" मोठा नातू म्हणाला.

उत्तर माझ्या टोपलीत होतं. निवृत्तीनंतर मला लोकर कातायचा नाद लागलाय. सुगी झाली की गावाकडच्या रानात मेंढरं बसवतात. रात्रभर कळप बसला की शेताला लेंडीखत मिळतं. तिथल्या धनगर आजोबांकडून मी पोतंभर लोकर आणतो. ते हसतात, कारण हल्ली या लोकरीतून कातरणीची मजुरीही सुटत नाही.

"दोघांनी आपापल्या डोक्यावरचा एक-एक केस काढा. दोन बोटांच्या चिमटीत धरा आणि केसाच्या लांबीच्या दिशेने अंगठा पुढे-मागे चोळा."

केस सरकू लागला. उलटा धरला, तर उलट्या बाजूला. कसाही धरा, तो निघतो मुळाच्याच दिशेने. धाकटी किंचाळलीच, "हा चालतो!"

गव्हाची ओंबी बाहीत सरकवली आणि हात हलवला की ती आपोआप वर चढते. कुसळं एकाच दिशेला झुकलेली, त्यामुळे पुढे जायची मुभा, मागे यायची बंदी. आपल्या केसावर आणि मेंढीच्या लोकरीवरही असेच बारीक खवले असतात, कौलांसारखे एकावर एक, टोकं शेंड्याकडे वळलेली. मुळाकडून शेंड्याकडे बोट फिरवलं की गुळगुळीत, उलट फिरवलं की खरखरीत. माझ्या बादलीत लोकरीचा प्रत्येक तंतू साबणाच्या पाण्यात सैल झाला आणि दर फटक्यासरशी मुळाच्या दिशेने तसूभर सरकला. परतीची वाट बंद. हजारो तंतू एकमेकांत घुसले, गुंतले, आणि विणीतली मोकळी जागाच संपली. आता कितीही ताणा, तो स्वेटर काही माघारी येत नाही.

म्हणून लोकर धुताना माझा हात जपून चालतो. आधी कुसळं, काटे, लेंड्या वेचायच्या. मग रिठ्याच्या कोमट पाण्यात ती नुसती बुडवून ठेवायची. चोळणं नाही, पिळणं नाही. लोकरीवर मेणासारखा एक चिकटा असतो, लॅनोलिन नावाचा. ओठ फुटल्यावर आई जे मलम लावते, त्यात पुष्कळदा हाच असतो. आपल्या दख्खनी मेंढीत तो बेताचा, मेरिनो जातीच्या मेंढीत भरपूर.

सावलीत वाळली की पिंजायची. माझ्याकडे त्यासाठी कुत्र्याचे केस विंचरायचे दोन तारेचे ब्रश आहेत. दुकानदाराने विचारलं होतं, "कुत्रा कोणता आहे?" मी म्हटलं, "मेंढी." पिंजलेल्या लोकरीचा पेळू वळायचा आणि टकळी हातात घ्यायची. आमच्या शाळेत सूतकताईचा तास असे, ती पितळी चकतीची टकळी अजून आहे.

"हा पेळू ओढ," मी धाकटीला सांगितलं. आवाज न करता त्याचे दोन तुकडे झाले. मग टकळीला गिरकी दिली, पेळूतून चिमूटभर लोकर ओढत गेलो, आणि तिच्या डोळ्यांदेखत दोरा झाला. "आता तोड." तिने दात लावले, तरी तुटेना.

पीळ पडला की तंतू एकमेकांवर दाबले जातात. जेवढं जास्त ओढाल, तेवढी मिठी घट्ट. त्यात लोकरीचे ते खवले एकमेकांना धरून बसतात. ज्या गुणाने माझा स्वेटर आटला, त्याच गुणाचा कातणाऱ्याला आधार! एकेरी दोरा सैल सोडला की स्वतःभोवती गुंडाळतो, म्हणून दोन दोरे घेऊन उलट्या दिशेने पीळ द्यायचा. दोन हट्टी मुलं एकमेकांना शांत करतात, तसं. (या दोघांवर मात्र हा प्रयोग फसलाय.)

"ही टोचते पण," नातू म्हणाला. खरंय, दख्खनी लोकर जाडीभरडी. मेरिनोचा तंतू साधारण १७ ते २० मायक्रॉन जाड, म्हणजे आपल्या केसाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा. म्हणून तो मऊ. शिवाय नागमोडी, त्यामुळे त्याच्यात हवा अडकते आणि तीच ऊब धरते. दख्खनी लोकरीचा मान घोंगडीत. सनगर ती विणतात, चिंचोक्यांची खळ देतात, आणि तिची खोळ डोक्यावर घेऊन धनगर भर पावसात उभा राहतो. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. वर ओलावा शोषताना थोडी उष्णताही देते.

रानमेंढ्यांची लोकर उन्हाळ्यात आपोआप झडते. बहुतेक पाळीव मेंढ्यांची ती सवय माणसाने मोडली, त्यामुळे कातरली नाही तर त्यांची लोकर वाढतच जाते. २०१५ साली ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ एक चुकार मेंढा सापडला. वर्षानुवर्षं कातरणी चुकलेली. त्याच्या अंगावरून ४१ किलो लोकर उतरली! बिचाऱ्याला धड चालताही येत नव्हतं.

संध्याकाळी आजीने सुया काढल्या आणि त्या दोऱ्याचे वीस टाके घातले. एक ओळ सुलट, एक उलट. विणकाम म्हणजे फाशात फासा. ओढलं की फासे लांबतात, सोडलं की परततात, म्हणून स्वेटर अंगाबरोबर हलतो. धाकटीने तीन टाके गाळले, वीत-दीड वीत पट्टी विणली आणि बाहुलीचा मफलर म्हणून जाहीर केली.

गावाकडे मेंढरं बसलेली दिसली, तर तुम्हीही मूठभर लोकर मागून आणा. पाणी मात्र कोमटच घ्या, आणि चोळू नका.