लंडन : थेम्सकाठचे नवे ट्रॉय

लंडनच्या कॅनन स्ट्रीट स्थानकासमोर, रस्त्यालगतच्या एका कोनाड्यात चुनखडीचा ओबडधोबड दगड काचेआड बसवलेला आहे. याचे नाव लंडन स्टोन. ब्रूटस या ट्रोजन वीराने हा दगड इथे आणला, अशी आख्यायिका पुढच्या काळात त्याला जोडली गेली. लंडनची जन्मकथा याच ब्रूटसची आहे.

ती तपशिलाने सांगितली मॉनमथच्या जेफ्रीने, ११३६च्या सुमारास लिहिलेल्या लॅटिन ग्रंथात. ट्रॉय पडल्यावर इटलीत गेलेल्या एनियसचा ब्रूटस हा पणतू. शिकारीत त्याच्याच बाणाने वडिलांचा जीव गेला आणि तो हद्दपार झाला. ग्रीसमध्ये दास्यात पडलेल्या ट्रोजनांना त्याने सोडवले. डायना देवीने स्वप्नात सांगितलेले पश्चिम सागरातले बेट गाठले, तर तिथे राक्षसांची वस्ती! ब्रूटसचा साथीदार कोरिनियस याने गॉगमॅगॉग या महाकाय राक्षसाशी कुस्ती केली आणि त्याला उचलून कड्यावरून समुद्रात भिरकावले. मग ब्रूटसने थेम्सकाठी नवे ट्रॉय वसवले. पुढे लड राजाने त्याची तटबंदी भक्कम केली. त्याच्या नावाशी जोडलेली लडगेट ही वेस १७६०मध्ये पाडली गेली. तिच्यावरचे लड राजाचे शिल्प आज फ्लीट स्ट्रीटवरच्या सेंट डन्स्टन चर्चजवळ आहे.

उत्खनने वेगळे सांगतात. हे शहर रोमनांनी इसवी सन ५०च्या आसपास वसवले. पण मध्ययुगीन लंडनकरांना ही कथा प्राणप्रिय होती, कारण रोमही आपले मूळ एनियसकडेच नेत असे. आपले शहर रोमचे भाऊबंद आणि त्याहून जुने, हा त्यांचा अभिमान. १४१९मध्ये शहराचे कायदे आणि रीतिरिवाज 'लिबर अल्बस' या ग्रंथात संकलित झाले, तेव्हा लंडनचे हक्क आणि स्वातंत्र्य ट्रॉयपासून चालत आल्याचे त्यात नोंदले गेले. दंतकथेने नागरिकांच्या अधिकारांना वंशावळ दिली.

लंडन स्टोनपासून पायी दहाएक मिनिटांवर गिल्डहॉल आहे. कार्यक्रम नसेल तेव्हा तिथले भव्य सभागृह पाहता येते. कथेतला एक राक्षस लोकपरंपरेत दोन झाला. त्या गॉग आणि मॅगॉगचे लाकडी पुतळे इथे आहेत. १७०८चे जुने पुतळे १९४०च्या बॉम्बहल्ल्यात जळाले, त्यांच्या जागी १९५३मध्ये नवे घडवले गेले. नोव्हेंबरात लॉर्ड मेयरच्या मिरवणुकीतही त्यांच्या विणलेल्या प्रतिमा दिमाखात निघतात. ब्रूटसच्या कथेतले शत्रूच आज लंडनचे रक्षक मानले जातात.