प्रत्येक अंधुक दिसणे मोतीबिंदू नव्हे

साठी उलटलेल्या व्यक्तीने ‘अलीकडे जरा धूसर दिसते’ अशी तक्रार केली, की घरातील उत्तरे बहुधा ठरलेली असतात. ‘वय झाले, आता चालायचेच’ हे पहिले आणि ‘मोतीबिंदू असेल, पिकला की काढून टाकू’ हे दुसरे. दोन्ही उत्तरे धीर देण्यासाठीच दिली जातात आणि दोन्हींचा परिणाम एकच होतो. डोळ्यांची तपासणी लांबणीवर पडते. कारण खरोखरच मोतीबिंदू असेल, तर काही महिन्यांच्या विलंबाने सहसा कायमचे नुकसान होत नाही. परंतु उतारवयात दृष्टी मंदावण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांपैकी काही विकारांत एकदा गेलेली दृष्टी कोणतेही औषध वा शस्त्रक्रिया परत आणू शकत नाही. अडचण अशी, की रुग्णाच्या तक्रारीचे शब्द दोन्ही वेळा सारखेच असतात. ‘धूसर दिसते’ एवढ्यावरून भरून येणारे नुकसान कोणते आणि न भरून येणारे कोणते, हे घरबसल्या ओळखता येत नाही.

देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व पाहणीत पन्नाशी ओलांडलेल्या लोकांमध्ये अंधत्वाचे प्रमाण १.९९ टक्के आढळले. त्यातील सुमारे ६६ टक्के अंधत्वाचे कारण मोतीबिंदू होते. म्हणजे दोन तृतीयांश अंधत्व एका लहानशा शस्त्रक्रियेने दूर होण्याजोगे होते. उरलेल्या एक तृतीयांशात बुबुळावर पडलेले फूल, काचबिंदू आणि दृष्टिपटलाचे विकार यांचा समावेश होतो. यांतील बऱ्याच विकारांवर उपचार आहेत. परंतु वेळेवर सुरू झाले तरच ते उपयोगी पडतात.

चाळिशी आणि ‘परत आलेली नजर’

वयाबरोबर डोळ्यांत होणारा पहिला बदल आपल्या भाषेने कधीच स्वीकारला आहे. जवळचे वाचण्यासाठी लागणाऱ्या चष्म्याला आपण ‘चाळिशी’ म्हणतो, ते उगीच नव्हे. डोळ्यातील नैसर्गिक भिंग तरुणपणी लवचिक असते. जवळचे पाहताना ते फुगीर होते आणि दूरचे पाहताना चपटे होते. चाळिशीच्या सुमारास ही लवचिकता कमी होते आणि वर्तमानपत्र हात लांब करून वाचावे लागते. हा आजार नव्हे. योग्य क्रमांकाचा चष्मा लावला, की प्रश्न मिटतो.

मात्र साठी-सत्तरीत याच्या नेमका उलट अनुभव काहींना येतो. इतकी वर्षे चष्म्यावाचून अक्षर न दिसणाऱ्या आजोबांना एकाएकी विनाचष्मा वाचता येऊ लागते आणि नजर परत आल्याचा आनंद घरात होतो. प्रत्यक्षात भिंगाचा गाभा कठीण व दाट होऊ लागल्याने डोळ्याला लघुदृष्टी आलेली असते. ही मोतीबिंदूच्या सुरुवातीची खूण असू शकते. त्यांना दूरचे, विशेषतः रस्त्यावरच्या बसचा क्रमांक दिसतो का, हे त्याच वेळी विचारून पाहावे.

‘पिकण्याची’ वाट कशासाठी?

डोळ्याचे भिंग पाणी आणि प्रथिने यांचे बनलेले असते. या प्रथिनांची रचना वयोमानाने बिघडते, ती एकत्र गोळा होतात आणि पारदर्शक भिंग गढूळ होते. हाच मोतीबिंदू. मधुमेह, धूम्रपान, डोळ्याला झालेली इजा आणि दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड औषधे यांमुळे तो लवकर येऊ शकतो. रंग फिके वाटणे, समोरून येणाऱ्या वाहनांच्या दिव्यांनी डोळे दिपणे, चष्म्याचा क्रमांक वारंवार बदलणे ही त्याची लक्षणे होत. कोणत्याही थेंबांनी, मलमाने वा आहाराने मोतीबिंदू विरघळत नाही. शस्त्रक्रिया हाच एक उपाय आहे.

मोतीबिंदू ‘पिकू’ देण्याची समजूत जुन्या शस्त्रक्रियेतून आली. त्या काळी मोठा छेद घेऊन संपूर्ण भिंग बाहेर काढले जाई आणि रुग्णाला नंतर जाड काचांचा चष्मा वापरावा लागे. साहजिकच, अगदीच दिसेनासे होईपर्यंत थांबण्याकडे कल असे. लंडनमधील सेंट थॉमस रुग्णालयात डॉ. हॅरल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये डोळ्यात प्रथम कृत्रिम भिंग बसवले. अमेरिकेत डॉ. चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये ध्वनिलहरींच्या साह्याने भिंगाचे तुकडे करून ते शोषून घेण्याची ‘फेको’ पद्धत आणली. आज छेद दोन-तीन मिलिमीटरचा असतो आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. या पद्धतीत फार कठीण झालेला मोतीबिंदू काढणेच अधिक अवघड जाते. शिवाय अतिपक्व मोतीबिंदू फुगून किंवा त्यातील द्रव्य झिरपून डोळ्यातील दाब एकाएकी वाढू शकतो. मग ज्या विकारात दृष्टी परत मिळायची, त्याच विकाराने ती कायमची जाऊ शकते.

शस्त्रक्रिया केव्हा करावी, याचे उत्तर मोतीबिंदूच्या रंगापेक्षा रुग्णाच्या दिनचर्येत शोधावे. वाचन, स्वयंपाक, जिना उतरणे, रस्ता ओलांडणे यांत अडचण येऊ लागली, की वेळ आली. अंधुक दृष्टीमुळे पडून मांडीचे हाड मोडणे हे वृद्धांच्या परावलंबनाचे मोठे कारण असते, हेही येथे ध्यानात घ्यावे. हिवाळ्यातच शस्त्रक्रिया करावी, हा आग्रहही आता निरर्थक ठरला आहे. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन हे औषध घेणाऱ्या पुरुषांनी तसे शल्यविशारदांना आधीच सांगावे. या औषधाने शस्त्रक्रियेच्या वेळी बाहुलीचा पडदा सैल पडून अडथळा येऊ शकतो. पूर्वकल्पना असली तर डॉक्टर तशी तयारी ठेवतात.

शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागल्यास ‘मोतीबिंदू परत आला’ असे समजू नये. कृत्रिम भिंगामागचा पातळ पडदा गढूळ झालेला असू शकतो आणि लेसर किरणांनी तो काही मिनिटांत मोकळा करता येतो. मात्र कारण तेच आहे, याची खात्री तपासणीनेच होते.

काचबिंदू : चाहूल न देणारा विकार

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे जुळी वाटली, तरी विकार पूर्णतः वेगळे आहेत. डोळ्याच्या आत एक स्वच्छ द्रव सतत तयार होतो आणि सूक्ष्म जाळीतून बाहेर वाहून जातो. हा निचरा बिघडला, की डोळ्यातील दाब वाढतो. सर्वसाधारणपणे हा दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरदरम्यान असतो. वाढलेल्या दाबाखाली डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे तंतू मरू लागतात. या नसेत दहा लाखांहून अधिक तंतू असतात आणि मेलेला तंतू पुन्हा निर्माण होत नाही. काही रुग्णांत दाब नेहमीच्या मर्यादेत असूनही ही हानी होते. म्हणून केवळ दाब मोजून भागत नाही, नसेचीही पाहणी करावी लागते.

सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात ना वेदना होते, ना डोळा लाल होतो. दृष्टी कडेकडून कमी होत जाते आणि समोरचे मात्र बराच काळ स्पष्ट दिसते. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. परिणामी तक्त्यावरील शेवटची ओळ वाचणाऱ्या माणसालाही काचबिंदू असू शकतो. दक्षिण भारतात झालेल्या पाहण्यांमध्ये काचबिंदू आढळलेल्या दर दहा जणांपैकी नऊ किंवा त्याहून अधिक जणांना आपल्याला हा विकार आहे, याची कल्पनाच नव्हती.

आई, वडील किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल, तर आपला धोका वाढतो. त्यामुळे वडिलांना काचबिंदू असल्याचे निदान झाले, की चाळिशी ओलांडलेल्या मुला-मुलींनीही तपासून घेणे इष्ट होय. रोजचे थेंब, लेसर किंवा शस्त्रक्रिया यांनी दाब खाली आणता येतो आणि उरलेली दृष्टी राखता येते. थेंबांनी दिसण्यात काहीच फरक पडत नाही, म्हणून अनेक जण ते मध्येच सोडतात. उपचाराचे यश सुधारण्यात नसून आहे ते टिकण्यात आहे, हे रुग्णाला आणि घरच्यांना समजावून देणे आवश्यक ठरते.

मधुमेह आणि दृष्टिपटल

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने दृष्टिपटलावरील बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होतात. त्यांतून द्रव व रक्त झिरपते. पुढे नव्या, ठिसूळ वाहिन्या फुटतात. ही हानी बरीच पुढे जाईपर्यंत रुग्णाला नीट दिसत असते. म्हणूनच प्रौढ वयात मधुमेहाचे निदान झाले, की त्याच वेळी आणि त्यानंतर दरवर्षी बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासावे, असे सांगितले जाते. साखरेबरोबर रक्तदाबही आटोक्यात ठेवावा लागतो. लेसर आणि डोळ्यात दिली जाणारी इंजेक्शने यांनी वेळीच उपचार केल्यास बहुतांश रुग्णांची दृष्टी वाचते.

सरळ रेघ वाकडी दिसली तर

दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेल्या पीतबिंदूमुळे आपण अक्षरे वाचतो आणि चेहरे ओळखतो. वयोमानाने हा भाग झिजू लागला, की कडेचे दिसते. पण ज्याच्याकडे पाहावे तेच पुसट होते. धूम्रपान करणाऱ्यांत हा धोका अधिक असतो. याच्या ‘कोरड्या’ प्रकारात ऱ्हास संथ असतो. ‘ओल्या’ प्रकारात मात्र दृष्टिपटलाखाली नव्या वाहिन्या फुटून काही आठवड्यांतही मोठी हानी होऊ शकते. पूर्वी यावर फारसे काही करता येत नसे. २००५-०६ च्या सुमारास वापरात आलेल्या इंजेक्शनांनी चित्र बदलले. परंतु ती लवकर सुरू झाली पाहिजेत.

घरी करता येण्याजोगी चाचणी साधी आहे. नेहमीचा वाचण्याचा चष्मा लावून एक डोळा हाताने झाकावा आणि चौकटीच्या वहीचा कागद किंवा खिडकीचे गज पाहावेत. मग दुसरा डोळा झाकावा. रेघा वाकड्या, तुटक किंवा मध्ये काळा ठिपका दिसल्यास त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

एक दिवसही थांबू नये अशी लक्षणे

• डोळ्यासमोर एकाएकी पुष्कळ काळे ठिपके तरंगू लागणे, वीज चमकल्यासारखे दिसणे किंवा कडेने पडदा सरकल्यासारखे वाटणे. दृष्टिपटल फाटल्याची वा सुटल्याची ही लक्षणे असू शकतात.
• डोळ्यात तीव्र वेदना, लाली, दिव्याभोवती रंगीत वलये आणि सोबत डोकेदुखी व उलटी. ‘पित्त झाले’ म्हणून गोळी घेण्याकडे कल असतो. परंतु हा काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो.
• एका डोळ्याने अचानक दिसेनासे होणे, मग ते वेदनारहित असो वा थोड्या वेळाने पूर्ववत होवो. रक्तपुरवठा खंडित झाल्याची ती खूण असू शकते.
• शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत डोळा दुखणे, लाल होणे किंवा दृष्टी कमी होणे.

दुकानातील थेंब आणि दुकानातील नंबर

डोळा लाल झाला, खाज आली, की औषधाच्या दुकानातून थेंब आणायची सवय शहरांत सर्रास आढळते. अशा अनेक थेंबांत स्टिरॉइड असते. त्याने लाली झटकन ओसरते, म्हणून तीच बाटली पुन:पुन्हा आणली जाते आणि कालांतराने डोळ्यातील दाब वाढतो किंवा मोतीबिंदू होतो. मध, कांद्याचा रस, घरचे गुलाबपाणी डोळ्यात घालण्याने जंतुसंसर्गाचा धोका संभवतो. उतारवयात अश्रू कमी पडून डोळे चुरचुरणे सामान्य आहे. त्यासाठीही थेंब डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.

दुसरी सवय अधिक निरुपद्रवी भासते. दिसेनासे झाले, की चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर काढून घेतला जातो. नंबर बदलल्याने थोडे बरे दिसते आणि तपासणी झाल्याचे समाधान मिळते. परंतु तेथे सहसा डोळ्यातील दाब मोजला जात नाही किंवा बाहुली मोठी करून नस व दृष्टिपटल पाहिले जात नाही. पूर्ण तपासणीत या तिन्ही गोष्टी येतात. चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी आणि साठीनंतर दरवर्षी ती करावी. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांमुळे काही तास धूसर दिसते. त्यामुळे ज्येष्ठांनी सोबत कुणाला तरी न्यावे आणि वाहन चालवू नये. चालू औषधांची यादी व जुने कागद बरोबर ठेवावेत.

खर्चाच्या भीतीनेही अनेक जण थांबतात. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम भारतात १९७६ पासून राबवला जात आहे आणि शासकीय रुग्णालयांत तसेच अनेक धर्मादाय संस्थांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत वा अल्प दरात होते. महागडे भिंग घेतले तरच चांगले दिसेल, असेही नाही. दूरचे स्पष्ट दिसण्यासाठी साधे एककेंद्री भिंग बहुतेकांना पुरेसे असते. वाचनासाठी नंतर चष्मा लागतो, एवढेच.

वृद्ध माणसे बहुधा स्वतःहून तक्रार करत नाहीत. ती टीव्हीजवळ सरकून बसतात, संध्याकाळी बाहेर जाणे टाळतात, चहा ओतताना सांडतात, वर्तमानपत्र नुसते चाळून ठेवतात. या सवयी बदलू लागल्या, की कारण वयात शोधण्याआधी डोळ्यांत शोधावे. तपासणीत केवळ मोतीबिंदू निघाला, तर उपाय हाताशी आहे. दुसरे काही निघाले, तर शिल्लक दृष्टी राखण्याची संधी अद्याप गेलेली नसेल.