संदेश तपासणारे कायदे आणि शक्यतेचे गणित

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ऑनलाइन सेफ्टी अ‍ॅक्ट’ मंजूर झाला. मुलांच्या लैंगिक शोषणाची छायाचित्रे इंटरनेटवरून पसरू नयेत, हा त्यामागचा एक हेतू. त्याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण या कायद्याच्या १२१ व्या कलमानुसार ‘ऑफकॉम’ ही नियामक संस्था कंपन्यांना खासगी संदेशांतही अशी छायाचित्रे शोधायला लावू शकते. तांत्रिकदृष्ट्या शक्य होईल तेव्हाच हा अधिकार वापरू, असे सरकारने कायदा होण्याच्या सुमारे दीड महिना आधी संसदेत सांगितले. कलम मात्र राहिले. युरोपीय आयोगानेही मे २०२२ मध्ये अशाच तपासणीचा प्रस्ताव मांडला होता.

आता अडचण पाहा. सिग्नल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश पाठवणाऱ्याच्या फोनमध्येच कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनमध्ये उघडतो. मधल्या कंपनीला तो वाचता येत नाही. मग तपासायचा कुठे? फोनमध्येच, कुलूप लागण्याआधी. म्हणजे पाकीट फोडायचे नाही, पण लिहिणाऱ्याच्या खांद्यावरून पत्र वाचायचे! याला गुप्तता म्हणणे मला तरी जमत नाही.

“पण गुन्हेगार सापडतील ना?” असे कोणी विचारील. त्यासाठी नववी-दहावीच्या वर्गात सहज करता येईल असे एक गणित करू. समजा, रोज १०० कोटी छायाचित्रे पाठवली जातात आणि त्यांतली १,००० आक्षेपार्ह आहेत. तपासणारी प्रणाली आक्षेपार्ह छायाचित्रांपैकी ९९ टक्के पकडते आणि निर्दोष छायाचित्रांच्या बाबतीत हजारात एकदाच चुकते. ऐकायला उत्तम! खरी पकडली जातील ९९०. निर्दोष असून पकडली जातील सुमारे १० लाख. म्हणजे हजारभर इशाऱ्यांमागे एक खरा. पोलिसांनी तो शोधायचा कसा? आकडे कल्पित आहेत, ते बदलून पाहावेत. पण शोधायची वस्तू जितकी दुर्मीळ, तितका खोट्या इशाऱ्यांचा ढीग मोठा, हे बदलत नाही. दुर्मीळ रोगाच्या सरसकट चाचणीतही हेच घडते.

आधीपासून माहीत असलेली छायाचित्रे बोटांच्या ठशांसारख्या आकड्यांवरून ओळखतात. अ‍ॅपलने ऑगस्ट २०२१ मध्ये अशी योजना जाहीर केली, तेव्हा काही दिवसांतच संशोधकांनी एकच ठसा देणारी दोन वेगळी चित्रे तयार करून दाखवली. डिसेंबर २०२२ मध्ये अ‍ॅपलने योजना सोडून दिली. नवी छायाचित्रे तर यंत्राला अंदाजानेच ओळखावी लागतात. सॅन फ्रान्सिस्कोतील एका पित्याने २०२१ साली आजारी मुलाचे छायाचित्र डॉक्टरांसाठी काढले. गूगलच्या यंत्रणेने ते आक्षेपार्ह ठरवले आणि त्याचे खाते बंद झाले. पोलिसांनी त्याला निर्दोष ठरवले, तरी खाते परत मिळाले नाही.

अभिव्यक्तीचा प्रश्न इथेच येतो. ब्रिटिश कायद्यात दंड १ कोटी ८० लाख पौंड किंवा जागतिक उलाढालीच्या १० टक्के, यांतला जो मोठा असेल तिथपर्यंत जातो. एवढी टांगती तलवार असली की कंपनी संशयाची रेषा खाली आणणार आणि शंका आली की मजकूर अडवणार. त्याची किंमत मोजतो तो लिहिणारा.

कुलूप न तोडताही करण्यासारखे बरेच आहे. संदेश घेणाऱ्याला तर तो वाचता येतोच. त्रास होणाऱ्या मुलाने तक्रारीचे बटण दाबले, तर पुरावा त्याच्याच फोनमधून, त्याच्याच इच्छेने पुढे जातो. ते बटण कुठे असते, हे वर्गात दाखवायला पाच मिनिटे लागतात.