परराष्ट्रसंबंध आणि परकी भाषा : एक जोड अभ्यास

शाळेत संस्कृत नाकारले गेले म्हणून बाबासाहेबांना फारसी घ्यावी लागली, हे आपल्या समाजात सर्वांस ठाऊक आहे. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र यांच्या जोडीने त्यांनी फ्रेंच आणि जर्मन या भाषाही अभ्यासल्या, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा देताना त्यांनी सांगितलेल्या कारणांत हिंदू कोड बिलाबरोबर परराष्ट्र धोरणही होते. ३५० कोटींच्या वार्षिक महसुलापैकी सुमारे १८० कोटी सैन्यावर खर्च होतात आणि हे त्या धोरणाचेच फळ आहे, असे त्यांचे म्हणणे होते. परराष्ट्र धोरण हा दिल्लीतील बड्यांचा विषय, ही समजूत या एका हिशोबाने खोटी ठरते. तिकडे गेलेला रुपया वसतिगृहाकडे येत नाही.

आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात तह, युद्ध, व्यापार, आंतरराष्ट्रीय कायदा, संयुक्त राष्ट्रसंघ यांचा अभ्यास असतो. मग त्यासोबत एखादी परकी भाषा कशासाठी, असे पालक विचारतात. सुरक्षा परिषदेचा २४२ क्रमांकाचा ठराव पाहा. जून १९६७ च्या युद्धानंतर, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो संमत झाला. व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायलने सैन्य मागे घ्यावे, असे त्यात म्हटले आहे. इंग्रजी पाठात ‘टेरिटरीज’ या शब्दाआधी ‘द’ हे उपपद नाही. म्हणून सर्वच प्रदेश सोडण्याचे बंधन नाही, असे इस्रायलचा पक्ष म्हणतो. फ्रेंच पाठात ‘दे तेरितुआर’ असे शब्द आहेत आणि त्यांचा अर्थ ‘त्या सर्व प्रदेशांतून’ असा अरब पक्ष लावतो. वाद आजही मिटलेला नाही. मराठीत उपपदे नाहीत, त्यामुळे आपली मुले ‘द’ गाळतात आणि आम्ही शिक्षक त्याचा अर्धा गुण कापतो. येथे तर लोकांच्या भूमीचा प्रश्न त्यावर अडला आहे. ज्याला एकच पाठ वाचता येतो, त्याला दुसऱ्याने सांगितलेल्या अर्थावर विसंबावे लागते. आणि दुसऱ्याने सांगितलेल्या अर्थावर विसंबण्याची किंमत आपल्या पूर्वजांनी पुरेशी मोजलेली आहे.

आपल्याकडे या दोहोंची एकत्र पदवी सहसा मिळत नाही. विद्यार्थ्यालाच जोडणी करावी लागते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात बारावीनंतर जपानी, कोरियन, चिनी, अरबी, फ्रेंच, स्पॅनिश अशा भाषांची पदवी मुळाक्षरांपासून सुरू करता येते आणि त्यानंतर तेथेच आंतरराष्ट्रीय अभ्यास संस्थेत एम. ए. करता येते. घर सोडणे शक्य नसेल, तर पुण्यात राज्यशास्त्राची पदवी घेत असतानाच रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाच्या परकी भाषांच्या वर्गांना जाता येते. धम्मबंधुत्वाच्या ओढीने कोणी जपानी निवडली तर आम्हांस आनंदच आहे. परंतु नित्य वापरासाठी ठरविलेली कांजी अक्षरेच २,१३६ आहेत. ओढ पहिल्या सत्रापुरती पुरते, पुढे रोजची बैठक लागते.

केरळातील एका खेड्यातील दलित कुटुंबात जन्मलेले के. आर. नारायणन लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले, १९४९ साली परराष्ट्र सेवेत आले, चीन व अमेरिका येथे राजदूत झाले, जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९९७ मध्ये राष्ट्रपती झाले. आजही या सेवेत निवड झालेल्या प्रत्येकाला एक परकी भाषा शिकून तिची परीक्षा उत्तीर्ण व्हावेच लागते. अनुवाद, पत्रकारिता, व्यापारी संस्था ही क्षेत्रेही आहेतच.

परदेशी पदव्युत्तर शिक्षणासाठी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. २०२२ साली तिच्यातून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक संशोधन हे विषय वगळण्यात आले. इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हांस हे मान्य नाही. परक्या देशाचा अभ्यास करणाऱ्यास मात्र ही आडकाठी येत नाही.

पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे : दिल्लीच्या प्रवेशासाठी सीयूईटी ही परीक्षा द्यावी लागते आणि तिचा अर्ज बारावीचा निकाल लागण्यापूर्वीच भरायचा असतो. गुणपत्रिका हाती आल्यावर चौकशीस येणाऱ्यांचे एक वर्ष हकनाक जाते.