एसीच्या पोटात बर्फ!

भंडाऱ्यात मे महिना संपत आला की नवतपा लागतो. पारा ४५ अंशांच्या आसपास! दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. अशा वेळी एसीचा रिमोट तुझ्या हातात आला, तर पंख्याचा वेग कमी ठेवशील की जास्त?

थांब दोस्ता! आधी एसीच्या पोटात डोकावू. आत असतात थंडगार नळ्या. पंखा खोलीतली गरम हवा ओढतो, नळ्यांवरून नेतो आणि परत खोलीत सोडतो. जाता जाता हवा आपली उष्णता नळ्यांना देऊन टाकते.

आता शाळेतली खिचडीची रांग आठव. हवा म्हणजे रांगेतली मुलं. नळ्या म्हणजे वाढणाऱ्या मावशी. पण वाढतात काय? थंडावा! रांग हळू सरकली, तर ताटात खिचडी भरपूर, पण जेवणारी मुलं मोजकीच. रांग भराभर सरकली, तर प्रत्येकाला जरा कमी. पण पातेलं बघ, केवढं रिकामं झालं!

एसीतही तेच. वेग कमी केलास, की बाहेर येणारी हवा जास्त गार. वेग वाढवलास, की थोडी कमी गार. आणि तरीही खोली लवकर थंड होते! एसीसमोर नुसता हात धरून बघणारा हमखास फसतो.

पण रांगच अडली तर?

एसीच्या जाळीत धूळ साचली, की हवा आत नीट शिरतच नाही. थंडावा घ्यायला फारसं कोणी नाही! नळ्या गार, आणखी गार, अगदी शून्य अंशाच्याही खाली जातात. हवेतली वाफ त्यांच्यावर गोठते. बाहेर नवतपा आणि एसीच्या पोटात चक्क बर्फ! मग खोली मस्त गारेगार होत असेल? छे! बर्फ उरलीसुरली वाटही बुजवतो आणि खोली तापत जाते. उपाय अगदी साधा. एसी बंद करायचा, बर्फ वितळू द्यायचा, आणि मोठ्या माणसाकडून जाळी धुऊन घ्यायची.

पावसाळ्यात मात्र कमी वेगच कामाचा! तेव्हा हवेत वाफ इतकी असते, की कूलरच्या ताटीतलं पाणी वाळतच नाही. नुसता चिकचिकाट! एसीत मात्र हवा नळ्यांपाशी रेंगाळली, की तिच्यातलं जास्त पाणी गळून पडतं.

आणि ओळख बरं, विलिस कॅरिअर यांनी १९०२ साली एसीचं यंत्र आखलं ते कोणासाठी? न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यातल्या कागदांसाठी! दमट हवेत ते फुगायचे आणि चित्रांचे रंग जागेवर बसायचे नाहीत. माणसांचा नंबर नंतर लागला!