जप्तीत परक्याची वस्तू

मंडळी, जप्तीचं नाव काढलं की घरात रडारड सुरू होते. पण जरा शांतपणे ऐका. समजा, माजरीच्या कोळसाखाणीतल्या एका कामगारानं दुकानदाराचे पैसे थकवले. दुकानदारानं हुकूमनामा मिळवून वसुलीची दरखास्त लावली. बेलिफ वॉरंट घेऊन क्वार्टरवर आला आणि खोलीतलं शिवणयंत्र त्यानं जप्त केलं. यंत्र मात्र कामगाराचं नव्हे, त्याच्याकडे राहणाऱ्या विधवा बहिणीचं. त्यावरच तिचं पोट. आता तिनं काय करावं?

बेलिफाचा हात धरू नये, तो उलट गुन्हा ठरेल. यंत्र कोणाचं हे ठरवणं बेलिफाचं कामच नाही. "ही वस्तू माझी आहे" असं पंचांसमोर सांगून पंचनाम्यात नोंदवायला लावावं. मग ज्या न्यायालयात दरखास्त चालू आहे, तिथंच हरकतीचा अर्ज द्यावा. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधला आदेश २१, नियम ५८ याचसाठी आहे. कर्ज तिनं घेतलेलं नाही, मूळ दाव्यात तिचं नाव नाही. तरी तिचं म्हणणं न्यायालय ऐकतं.

पुरावा मात्र तिनंच द्यायचा. खरेदीची पावती, हप्त्यांचे कागद, कपडे शिवून नेणाऱ्या बाया साक्षीला. पावती भावाच्या नावावर असली तर पंचाईत! भावाबहिणीत कोण कागद करतो? खरं आहे, पण जप्ती येताच म्हैस मेहुण्याच्या नावावर करणारेही असतात. जप्तीनंतरचा असा खाजगी व्यवहार कलम ६४ प्रमाणे धनकोविरुद्ध टिकत नाही. म्हणून न्यायालय कागद बारकाईनं बघतं.

सगळ्यांत मोठी चूक उशिराची. अर्जापूर्वीच वस्तूचा लिलाव झाला, किंवा मुद्दाम वा विनाकारण उशीर केला असं दिसलं, तर या नियमाखाली अर्ज ऐकलाच जात नाही. मग वेगळा दावा लावावा लागतो. म्हणून अर्जाबरोबरच लिलाव थांबवण्याचीही विनंती करावी.

गुरुजींनी गावात एक गोष्ट सांगावी. पूर्वी हरकतीचा निकाल विरुद्ध गेला तर नवा दावा करता येई. १९७६ च्या दुरुस्तीनं ते बदललं. आता मालकीचा प्रश्न तिथंच निकालात निघतो, आणि तो निकाल हुकूमनाम्यासारखाच धरतात. त्याविरुद्ध अपील, नवा दावा नाही. तेव्हा "पुढं बघू" म्हणून साक्षीदार घरी ठेवू नयेत.

आणि हो, बेलिफाला सूर्यास्तानंतर नि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरता येत नाही. रात्री कुणी "कोर्टाची जप्ती" म्हणत दार वाजवलं, तर आधी वॉरंट मागा.