राज्यपालांना जाब कोण विचारणार?

मुलांनो, नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ‘महाभियोग’ हा भारदस्त शब्द तुम्हांला भेटला असेल. राष्ट्रपतींनी राज्यघटनेचा भंग केला, तर त्यांना पदावरून दूर करण्याची ही रीत. घटनेच्या ६१व्या कलमात ती दिली आहे. संसदेच्या एका सभागृहाने आरोप ठेवायचा, दुसऱ्याने त्याची चौकशी करायची, आणि दोन्हीकडे एकूण सदस्यांपैकी दोन तृतीयांश जणांनी ‘हो’ म्हटलं तरच राष्ट्रपतींना जावं लागतं. आजवर एकाही राष्ट्रपतींवर ही वेळ आलेली नाही.

हे शिकवताना वर्गातून एक प्रश्न हमखास येतो, “मग राज्यपालांना कोण काढतं?” प्रश्न साधा दिसतो, पण भल्याभल्यांना विचारात पाडणारा आहे.

१५६व्या कलमाचं उत्तर एका ओळीचं आहे : राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत राज्यपाल पदावर राहतात. मुदत पाच वर्षांची, पण मर्जी संपली की मुदतही संपली! आता राष्ट्रपती वागतात केंद्रातल्या मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. म्हणजे मर्जी खरी दिल्लीच्या सरकारची. २००४ साली केंद्रात सरकार बदललं आणि जुलैमध्ये उत्तर प्रदेश, गुजरात, हरियाणा आणि आपल्या शेजारच्या गोव्याचे राज्यपाल एका फटक्यात दूर झाले. मुदत शिल्लक असूनही! हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१० मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं, की राज्यपालांना मनमानीने काढता येणार नाही. केंद्राचा त्यांच्यावर विश्वास उरला नाही, एवढं कारण पुरेसं नाही.

ही झाली नाण्याची एक बाजू. दुसरी बाजू राज्यातल्या लोकांची. जून २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांनी तेव्हाच्या सरकारला विधानसभेत बहुमत सिद्ध करायला सांगितलं. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की तसं सांगण्याइतका सबळ आधार त्यांच्यापाशी नव्हता. पण निकाल लागेपर्यंत ते राज्यपाल पद सोडून गेलेही होते. अशा वेळी राज्याच्या विधानसभेने काय करायचं? ठराव करता येईल, भाषणं करता येतील. राज्यपालांना पदावरून काढणं मात्र तिच्या हातात नाही.

गंमत म्हणजे, घटनाकारांनी हा विचार केला होता! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९४८ मध्ये घटनेचा मसुदा प्रसिद्ध केला. राज्यपाल लोकांनीच निवडून द्यावा, असा एक पर्याय त्यात होता, आणि राज्यपालांवरच्या महाभियोगाचं एक कलमही होतं. आरोप ठेवायचा राज्याच्या विधानसभेने, आणि चौकशी करायची दिल्लीच्या राज्यसभेने. पुढे १९४९ मध्ये घटना समितीचं मत बदललं. मुख्यमंत्रीही निवडलेला आणि राज्यपालही निवडलेला, म्हणजे एका म्यानात दोन तलवारी! म्हणून राज्यपाल नेमायचे ठरलं, आणि महाभियोगाचं ते कलमही गळालं.

माजी सरन्यायाधीश मदन मोहन पुंछी यांच्या आयोगाने २०१० च्या अहवालात तो धागा पुन्हा उचलला. ‘मर्जी’ हा शब्द काढून टाका, राज्यपालांना पुरी पाच वर्षं द्या, आणि काढायचंच झालं तर राष्ट्रपतींसारखाच महाभियोग राज्याच्या विधिमंडळात चालवा, अशी त्याची शिफारस.

आता थोडं गणित करू. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आमदार आहेत. दोन तृतीयांश म्हणजे १९२. एवढे हात वर होणं सोपं नाही, आणि ते सोपं नसावंच. नाहीतर राज्यपालांनी सरकारला न आवडणारी, पण योग्य गोष्ट केली की निघाला ठराव!

पण माझ्या मनात एक शंका राहते. राष्ट्रपतींच्या बाबतीत आरोप करणारं सभागृह वेगळं आणि तपासणारं वेगळं असतं. महाराष्ट्रात विधानसभेबरोबर विधानपरिषद आहे. गोव्यात मात्र एकच सभागृह. देशात विधानपरिषद असलेली राज्यं फक्त सहा आहेत. मग बाकीच्या राज्यांत फिर्यादी तोच न्यायाधीश व्हायचा का? कबड्डीत चढाई करणाऱ्यानेच पंचाची शिट्टी वाजवावी, तसं ते होईल. मला विचाराल तर १९४८ चा मसुदाच इथे जास्त शहाणा वाटतो. आरोप राज्यात, चौकशी राज्यसभेत. राज्यसभेत तर सगळ्याच राज्यांचे प्रतिनिधी बसतात. एका राज्यातला राग तिथे जरा निवतो.

तुमच्या घरी बाबांना किंवा आजोबांना हे पटणार नाही, असंही होईल. ते म्हणतील, निवडून न आलेल्याला काढायला एवढा खटाटोप कशाला? राज्यपालपदच नको! असं म्हणणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्याशी खुशाल वाद घाला.

यांतलं काहीही करायचं, तर संसदेला राज्यघटनेत दुरुस्ती करावी लागेल. पुंछी आयोगाचा अहवाल येऊन दीड दशक उलटलं, पण १५६व्या कलमातला ‘मर्जी’ हा शब्द अजून तसाच आहे.